खाली कोण राहतं?

माझ्या हिंदीबद्दल दूधविनायकच्या गल्लीत दोन मतं आहेत. एक माझं, की ती उत्तम आहे. दुसरं बाकी सगळ्यांचं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली म्हणून मी सांगलीकडच्या कॉलेजातली नोकरी सोडून काशीला आलो. बायको मात्र इथलीच. तिचं माहेर बालाजी घाटाच्या मागच्या बाजूला, चार पिढ्यांचं. म्हणजे मी सासुरवाडीत राहायला आलेला जावई, आणि जावयाची जेवढी चेष्टा करता येते तेवढी या गल्लीने मनसोक्त केली. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या चहावाल्याने विचारलं, "किधर चले, गुरुजी?" मी घाटावर उतरायला निघालो होतो. म्हटलं, "खाली जाता हूँ." तो म्हणाला, "खाली काहे जाइएगा? चाय पी के जाइए." मला वाटलं, काय हे अगत्य! तीन-चार महिने मी रोज खाली जातो म्हणून सांगत होतो आणि चहा पिऊनच घाटावर पोचत होतो. शेवटी बायकोला कळलं, तेव्हा तिला हसता हसता ठसका लागला. "अहो, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आपल्या खालीला नीचे म्हणायचं. रिकाम्या पोटी निघालात असं वाटतं त्याला."

तेव्हापासून मला ते माहीत आहे. पण चाळिशीनंतर शिकलेली भाषा डोक्यात राहते, जीभ आपली माहेरच्याच वाटेने जाते. घाईत, रागात आणि उन्हात माझं नीचे पुन्हा खाली होतं.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली, जिन्याला लागून असलेल्या एका खोलीत काकू राहतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहानच असतील, पण सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांचे यजमान पौरोहित्य करायचे. ते गेले, मणिकर्णिकेवर सगळं आटोपून आम्ही परत आलो, आणि चौदाव्या दिवशी काकू कामाला लागल्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी जवळच एक धर्मशाळा आहे, तिथे त्या पोळ्या लाटतात. सकाळी कणकेचा डोंगर, दुपारी पोळ्यांची चळत. लाटण्याने आणि तव्याने त्यांच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात, की रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला फक्त डाव्या हाताचं मधलं बोट ओळखू येतं.

त्या धर्मशाळेत काकूंची एक रीत आहे. शेवटची पंगत उठली, की भांडी हलवण्याआधी त्या दाराशी उभ्या राहतात आणि गल्लीकडे तोंड करून तीनदा हाक देतात: "कोणी राहिलंय का जेवायचं?" मग थोडं थांबतात. मगच पातेल्यांवरची झाकणं निघतात आणि उरलेलं अन्न भांड्यांत भरलं जातं. एकदा मी त्यांना म्हटलं, आत सगळे ढेकर देतायत, कुणासाठी ओरडता? त्या म्हणाल्या, "सर, जो राहिलेला असतो तो आत नसतोच की."

मला ते वाक्य आवडलं. मी ते वर्गात वापरलंसुद्धा. काशीत कोणी उपाशी झोपत नाही, अन्नपूर्णा झोपू देत नाही, असं इथे लहान पोरही सांगतं. मी मुलांना सांगायचो, देवीवर सोडलेलं हे काम सरकारने अंगावर घ्यायला हवं. अन्न, निवारा, औषध, शाळा, म्हातारपणी हातात थोडे पैसे: एवढं प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, तेही कुणाच्या मेहरबानीने नव्हे. आपल्या देशाला हे परवडतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर मांडून दाखवलं, आणि आजही त्यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बायको म्हणते, वाद घालायला तुम्हाला विषय लागतो कुठे.

निवृत्त झालो त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजला होता. मी एका दिवाळी अंकासाठी याच विषयावर लेख लिहीत बसलो होतो आणि वाक्य अडलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ, डोक्याला ओला गमछा, काखेत कागदांची फाईल. प्राथमिक शाळेत मास्तर होते, सुट्टीत त्यांना रेशन कार्डांच्या तपासणीला जुंपलं होतं. तीन मजले चढून बिचारे धापा टाकत होते. त्यांनी काकूंचं नाव वाचलं आणि विचारलं, "ये कहाँ रहती हैं?"

"खाली," मी म्हणालो.

"नीचे तो ताला लगा है."

"ताला तो लगेगा ही. वही कमरा. खाली."

"खाली है?"

"हाँ हाँ, खाली है."

"कब से?"

मला वाटलं, काकू केव्हापासून तिथे राहतात ते विचारतायत. माझं लक्ष अर्धं त्या अडलेल्या वाक्यात होतं. मी ठासून सांगितलं, "मैं बीस साल से देख रहा हूँ. पहले से खाली ही है."

मास्तरांनी लिहून घेतलं. मग फाईल पुढे केली, शेजारी म्हणून सही हवी होती. मी सही केली आणि खाली कंसात प्राध्यापक असंही लिहिलं, म्हणजे वजन पडावं. पाणी दिलं. ते गेले. मी परत लेखाला बसलो आणि वाक्य सुटलं. 'हक्क मागायला माणसाला दारात उभं राहावं लागू नये,' असं ते वाक्य होतं.

जूनमध्ये यात्रेकरू आटले आणि धर्मशाळेने स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली. काकूंचं काम दीड महिन्यासाठी थांबलं. दर उन्हाळ्यात थोडंफार असं होतंच, अशा वेळी त्यांची भिस्त रेशनच्या गहू-तांदळावर. आमची बायको काही वेगळं केलं की त्यांना वाटीभर खाली पाठवते, आणि आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काकू दर वेळी वाटीत काही तरी घालून आणून द्यायच्या: दोन करंज्या, मूठभर पोहे, शेंगदाण्याची चटणी.

त्या महिन्यात वाटीत साखर आली. पुढच्या वेळी चार चुरमुरे आले. त्यानंतर वाटीत तुळशीची पानं आली, धुऊन पुसून नीट मांडलेली.

बायको ती वाटी हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे बघा. घरात काही नाहीये त्यांच्या."

ती तशीच खाली गेली. बऱ्याच वेळाने वर आली ती डोळे पुसत. दोन महिने कोटेदार, म्हणजे इकडचा रेशन दुकानदार, काकूंना परत पाठवत होता. मधलं बोट मशीनला ओळखू येत होतं, पण यादीत नाव नव्हतं. कापलं गेलं होतं. काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसातून एकदा भात खात होत्या आणि आम्हाला वाटीत चुरमुरे पाठवत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आमचा आला आणि सरकारचा तर आलाच. दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन मी पुरवठा कचेरीत गेलो. रस्ताभर मी भाषणाची तयारी केली होती.

ते भाषण मी केलंही. टेबलावर हातसुद्धा आपटला. समोरच्या कारकुनाने आपला पाण्याचा पेला शांतपणे बाजूला सरकवला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. काकूंच्या नावापुढे लिहिलं होतं: मकान खाली. वर्षों से. पड़ोसी द्वारा प्रमाणित. आणि फाईलच्या कागदाचा फोटो, त्यावर माझी सही, कंसात प्राध्यापक.

"साहब, आप ही ने तो लिखवाया है," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोचकपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आता काय करायचं, विचारलं तर म्हणाला, नवीन अर्ज करा, वॉर्डात जागा निघाली की नाव पुन्हा लागेल. केव्हा निघेल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काकू मागे बाकावर बसल्या होत्या, त्यांना पडदा दिसत नव्हता. मी त्यांना तिथे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

परतताना ई-रिक्षा मैदागिनच्या चौकात आली. उतरायच्या आधी एकदाचं सांगून टाकलं. खाली, ताला, कब से, सगळं. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सही केलीत तुम्ही?"

"हो."

"मोठी केली असेल. तुमची सही मोठी असते."

आणि त्या गर्दीत माझ्या पुढे चालायला लागल्या. थोडं जाऊन थांबल्या, मागे वळल्या. "खाली म्हणजे रिकामं, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं सर. मी चौथी नापास आहे." त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढेही कामापुरतंच, तेही बायकोमार्फत. जिन्यात दिसल्या तर बायकोला "येते हं वहिनी" म्हणत, मी बाजूला असलो तरी.

घरी बायकोने ऐकलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि इथेही खालीच आलं बघा."

मी बाजारातून दहा किलो कणीक आणि तांदूळ आणून काकूंच्या दाराशी नेले. म्हटलं, नाव पुन्हा लागेपर्यंत दर महिन्याला मी देणार, चूक माझी आहे. काकूंनी पिशवीला हात लावला नाही. त्या आठ दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या ते एवढंच.

"तुम्ही द्याल हो सर. मालूम आहे मला. पण मग रोज जिन्यात तुम्हाला बघून मला हसावं लागेल. कोटेदाराला बघून मी कधी हसत नाही. तो माझं मला देतो. मला माझं पाहिजे."

तीस वर्षं मी जे फळ्यावर मांडत होतो ते मला नीट कळलं ते त्या दारात, हातात कणकेची पिशवी घेऊन उभा असताना. मी पिशवी वर आणली. रात्रीपर्यंत बायकोने तोडगा काढला होता: शेजारच्या तीन घरांत रोजच्या पोळ्या काकूंकडून करून घ्यायच्या, मजुरी म्हणून शिधा. त्याला त्या हो म्हणाल्या. काम होतं ते.

मग मी अर्ज लिहायला घेतला. चार पानं झाली. बायकोने वाचली आणि विचारलं, "यात लाभार्थी किती वेळा आलंय?" मोजलं तर अकरा वेळा. "काकू काय कोणाचा लाभ घ्यायला आल्या होत्या?" मी ते सगळे शब्द खोडले. तरी अर्ज जमेना. शेवटी ती म्हणाली, "अहो, काकू धर्मशाळेत काय करतात तेवढं लिहा की. भांडी हलवण्याआधी हाक मारतात. सरकारने तेवढं करावं. बाकीचं तुमचं ब्रह्मज्ञान नंतर."

बरोबर होतं तिचं. चार पानांचं अर्धं पान झालं. कुणाचंही नाव कापण्याआधी ते त्याच्या गल्लीत मोठ्याने वाचा. कारणही वाचा. ज्याचं नाव आहे त्याचं ऐकेपर्यंत त्याचा गहू-तांदूळ थांबवू नका. एवढंच. खाली गल्लीतल्या साठ-सत्तर जणांच्या सह्या, काहींचे अंगठे. चहावाल्याने तर गिऱ्हाइकांना सही केल्याशिवाय चहाचा कुल्हड दिला नाही. माझी सही मी या वेळी लहान केली.

कचेरीतल्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. म्हणाल्या, याला वेगळा पैसा लागत नाही, वेगळा नियम लागत नाही, एक सकाळ लागते. एका वॉर्डात करून बघू. सरकारात माणसंच असतात आणि त्यांना धड वाक्यात सांगितलं तर त्यातली काही ऐकतात, असं मी आधीही म्हणायचो. त्या दिवशी ते खरं निघालं याचा मला आनंद झाला, आणि मी तो लपवला नाही.

श्रावणातल्या एका सकाळी शाळेच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. आमच्या भागातली कापलेली आणि कापायची नावं बाई स्वतः वाचत होत्या, पुढे कारण. नाव वाचलं की कोणी तरी ओरडायचं, "हैं! यहीं हैं!" एक जण घाटावरून अंघोळ करून तसाच पंचावर आला होता. त्याच्या नावापुढे 'बाहर चले गए' लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "बाहर गए थे, शाम को लौट आए." एका सुनेने उठून सांगितलं, की सासूबाई खरंच वारल्या, नाव काढा. ते नाव निघालं. ते मास्तरही आले होते, मागे मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. चूक आम्हा दोघांची होती.

मग काकूंचं नाव आलं. "कारण: मकान खाली."

काकू उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. "खाली नहीं है," त्या म्हणाल्या. "मैं हूँ उसमें."

बाईंनी विचारलं, मग हे प्रमाणित कुणी केलं? मी उठलो. वाक्य बायकोने माझ्याकडून घोटून घेतलं होतं. म्हटलं, "मैंने. मुझसे ग़लती हुई. ये नीचे रहती हैं. नीचे. बीस साल से ऊपर हो गए, नीचे." अंगणात हशा पिकला, आणि मागून चहावाला ओरडला, "गुरुजी, खाली मत जाइएगा, चाय पी के जाइए!" माझे कान तापले होते, पण हसू मलाही आलं. काकू हसल्या नाहीत. त्या बाईंच्या पेनकडे बघत होत्या. बाईंनी शेरा खोडला, नाव पुन्हा लावलं आणि मला सही करायला सांगितली.

यादी संपली. कारकून कागद गोळा करायला लागला, तेव्हा काकू म्हणाल्या, "रुकिए, अभी मत समेटिए." त्या अंगणाच्या फाटकाशी गेल्या आणि गल्लीकडे तोंड करून, आपल्या सवयीने, चक्क मराठीत हाक दिली: "कोणी राहिलंय का?" एकदा. दोनदा. बाई कारकुनाकडे बघायला लागल्या. तिसऱ्या हाकेला समोरच्या घराच्या वरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "हमार नाम पढ़ाइल का, भइया?" त्यांचे पाय गेलेले. जिना उतरता येत नव्हता. यादीत बघितलं, तर त्यांचं नाव वाचून झालं होतं, कुणी ओ दिली नाही म्हणून कारकुनाने त्यावर कायमची काट मारली होती. ती काट बाईंनी तिथल्या तिथे खोडली.

हे सगळं झालं एका वॉर्डात. शेजारच्या वॉर्डात अजून झालेलं नाही. त्या बाईंची बदली झाली आहे. नव्या साहेबांकडे मी तीनदा जाऊन आलो, चौथ्यांदा उद्या जायचं आहे, आणि बाहेर आता कारकून मला बघितलं की पाण्याचा पेला आधीच बाजूला घेतो. हे होणार. यादीच नको, जो आहे त्या प्रत्येकाला मिळावं, इथपर्यंत आपण पोचणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गोदामात धान्य आहे. मशीन झिजलेलं बोटसुद्धा ओळखतं. राहिलंय ते दारात उभं राहून हाक मारायचं काम, आणि ते चौथी नापास माणसालाही येतं. दिवाळी अंकाचा तो लेख मी संपादकांकडून परत मागवला. त्यातलं ते सुटलेलं वाक्य काढून टाकलं.

पुढच्या महिन्यात काकूंना गहू मिळाले. मी दुपारी गॅलरीत बसलो होतो, बायको घाटावर गेली होती. जिन्यावर पावलं वाजली. काकू दारात उभ्या, हातात आमची ती वाटी. आत अजून गरम असलेले कणकेचे दोन लाडू, नव्या गव्हाचे. तुळशीच्या पानांनंतर ती वाटी आमच्याकडून त्यांच्याकडे एकदाच गेली होती आणि परत आली नव्हती.

"वहिनी नाहीत का?" त्यांनी मला विचारलं. मला, सरळ.

"नाहीत. येतील आता."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, वाकल्या आणि उंबऱ्याच्या आत वाटी ठेवली.

"खाली ठेवते हं सर," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा हसल्या. "मराठीतलं खाली."